पान नऊ, कलम चौदा

विमा कंपनीचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा खुर्चीत बसून आणि तिसऱ्यांदा मोठ्याने, कारण मला वाटलं, आपल्या डोळ्यांतच काहीतरी गडबड असावी. पण पत्राच्या मते गडबड माझ्या हातांत होती.

‘श्रीमती चारुलता मुकुंद देशिंगकर, वय ५९, यांच्या हाताच्या हालचालींच्या उपलब्ध नोंदींवरून मेंदूविकाराची शक्यता मोठी असल्याचे आढळले आहे. सबब, वाहनप्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावे असलेले विमासंरक्षण येत्या शुक्रवारपासून स्थगित करण्यात येत आहे. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून हरकत नोंदवावी किंवा नोंद मान्य असल्याची सही करावी. अन्यथा ही नोंद कायम समजली जाईल.’

बावीस वर्षं मी सांगलीत फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवते आहे. या बावीस वर्षांत माझ्या गाडीला एक ओरखडा तेवढा आला, आणि तोही आमच्या मुकुंदरावांनी ती गेटातून बाहेर काढताना. आता दोन हजार छत्तीस साल चालू आहे. पुण्या-मुंबईला गाड्या आपल्या आपण चालतात. आमच्याकडेही दोनचार आल्या होत्या, पण समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला की त्या भर रस्त्यात थांबायच्या आणि हलायचं नाव घ्यायच्या नाहीत. म्हणून इथे बायका अजून स्टिअरिंग धरायला शिकतात आणि मी शेजारी बसून, माझ्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, त्यांना शिकवते. विम्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणि हल्ली विमा गाडीचा नसतो, ती चालवणाऱ्या माणसाचा असतो. नोंद कायम झाली की माझं स्कूल बंद.

पण कसल्या नोंदी? मी कुठल्या डॉक्टरची पायरी चढले नव्हते. कोणी माझी नाडीसुद्धा पाहिली नव्हती. माझ्या हातांची खबर माझ्याआधी यांना कुठून लागली?

मी तडक मिरजेला डॉक्टर तेजस्विनी खोतकडे गेले. ती मेंदूविकारांची तज्ज्ञ आहे आणि माझी विद्यार्थिनी. पहिल्याच आठवड्यात तिने दोनदा दुभाजकावर गाडी चढवली होती, त्यामुळे ती मला अजून वचकून असते. तिने माझ्याकडून बोटांची उघडझाप करवून घेतली, एका रेषेत चालायला लावलं, मनगटं फिरवून बघितली, कागदावर एक वाक्य दहादा लिहवून घेतलं.

“मॅडम, तुमचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत,” ती म्हणाली. “या नोंदी आल्या कुठून ते बघू. स्वतःबद्दलची माहिती मागायचा हक्क आहे आपल्याला.”

तिथूनच तिने माझ्या नावाने अर्ज केला. पाच मिनिटांत उत्तर आलं. ते वाचून ती खुर्चीत मागे टेकली.

“तुम्ही जपमोती वापरता?”

जपमोती हे इतकं साधं ॲप आहे की त्याला ॲप म्हणायला जीभ रेटत नाही. पडद्यावर एक केशरी गोल. नाम घेतलं की गोलावर अंगठा टेकवायचा, एक मणी पुढे सरकतो. एकशे आठ झाले की फोन एकदा थरथरतो. बस. ना जाहिरात, ना फोटो, ना गाणी. आमच्या उपासना मंडळाने तेरा कोटी जपाचा संकल्प सोडला, तेव्हा सगळ्यांनी ते घेतलं. नाव आणि फोन नंबर तेवढा द्यायचा, म्हणजे प्रत्येकाचा जप मंडळाच्या एकूण आकड्यात आपोआप मिळतो. ते घेताना काहीतरी लांबलचक वाचायला आलं होतं. खाली ‘मान्य’ लिहिलं होतं, ते मी दाबलं. जपाच्या ॲपला काय विचारायचं? चोर काय माळ चोरणार?

“ते तुमचा नंबर, फोटो, पत्ता यातलं काही विकत नाहीत,” तेजस्विनी म्हणाली. “फक्त बोटाचा स्पर्श नोंदवतात. पण मॅडम, आम्हाला तेवढंच तर हवं असतं.”

मग तिने मला नीट समजावलं. मेंदूच्या बुडाशी काळसर पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो एक रसायन तयार करतो, आणि त्याच्या जोरावर आपल्या हालचाली सुरळीत सुरू होतात आणि सुरळीत थांबतात. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हात थरथरायला लागेपर्यंत अर्ध्याहून जास्त गेलेल्या असतात, म्हणून रोग उशिरा कळतो. पण त्याच्या कितीतरी आधी बोट बदलतं. खाली जाताना ठीक जातं, उचलताना रेंगाळतं. पहिले वीस ठोके ठीक पडतात, पुढचे बारीक बारीक होत जातात, मध्येच अडकतात, मग घाईने पळतात. डॉक्टर म्हणूनच रोग्याला बोटं आपटायला सांगतात.

“मी दवाखान्यात दहा-वीस ठोके बघते,” ती म्हणाली. “या ॲपकडे एकेका माणसाचे लाखो आहेत, रोजचे, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेले. त्यातून जे दिसतं ते कुठल्याही तपासणीत दिसत नाही. आजार होण्याआधी पाच-सहा वर्षं दिसतं. हा बघा तुमचा आलेख. मला यात शंका घ्यायला जागा दिसत नाही, आणि तुमच्या हातांत तर काहीच नाही. हे कसं काय?”

ते कसं काय हे मला कळलं होतं.

मी जप करणारी बाई नव्हे. संकल्पात माझं नाव घातलं ते मुकुंदरावांनी, आणि मंडळाच्या हॉलमधल्या फलकावर ते कायम लाल अक्षरांत दिसायचं, कारण मी मागे पडलेली. गेल्या वर्षी मुकुंदराव सभेत उठून उभे राहिले आणि म्हणाले, “यापुढचा माझा सगळा जप मी चारूच्या फोनवर, चारूच्या नावाने करीन. तिच्या आयुरारोग्यासाठी.” बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मंडळाने त्यांना शाल आणि नारळ दिला. नवरा असावा तर असा, असं मला त्या महिन्यात इतक्या जणींनी सांगितलं की मलाही ते पटलं. स्कूलचा फोन वेगळा असल्यामुळे माझा घरचा फोन टीव्हीशेजारीच पडलेला असे. सकाळी मी गाडी घेऊन बाहेर पडले की ते तो घेऊन खिडकीशी बसत.

“तेजस्विनी,” मी म्हटलं, “ही बोटं माझी नाहीत. ह्यांची आहेत.”

तिने पुन्हा एकदा आलेख बघितला. मग म्हणाली, “त्यांना लवकर घेऊन या. लवकर सुरुवात केली तर व्यायामाने, औषधांनी पुष्कळ वर्षं चांगली काढता येतात. वेळ घालवायला नको. शुक्रवारी दुपारी चारची वेळ मी तुमच्यासाठी राखून ठेवते.”

येताना माझी गाडी सिग्नलला बंद पडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मागचा रिक्षावाला ओरडला, “ओ मावशी, शिकून तरी या की!” आणि मी त्याला उलट बोलले नाही. विमा, स्कूल, शुक्रवार, सगळं डोक्यातून गेलं होतं. मुकुंदरावांना हे सांगायचं कसं, एवढंच मला सुचत होतं.

मुकुंदराव खिडकीशी बसले होते. ओठ हलत होते, माझा फोन मांडीवर, अंगठा गोलावर. मी पहिल्यांदाच त्या अंगठ्याकडे नीट बघितलं. काकवीत बुडाल्यासारखा तो वर येत होता. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

“अहो, एक सांगायचंय. घाबरून जाऊ नका. हे जपाचं ॲप आहे ना, ते आपल्या बोटाचा स्पर्श नोंदवतं आणि बाहेर देतं. विमा कंपन्यांना.”

“पान नऊ, कलम चौदा,” ते म्हणाले.

हे ते सवयीने म्हणाले. सगळी नोकरी निबंधक कार्यालयात दस्त वाचण्यात गेली. घरात आणलेल्या मिक्सरच्या वॉरंटीचा कागदही ते चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. कलम तोंडातून गेलं, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि अंगठा थांबला.

“तुम्ही वाचलंय ते?”

“मी सगळंच वाचतो. सतरा पानं आहेत. ‘स्पर्शाचा काळ, दाब व दोन स्पर्शांमधील अंतर यांच्या नोंदी ठेवण्यात येतील व त्या सहयोगी संस्थांना देण्यात येतील.’”

“कधी वाचलंत?”

ते खिडकीबाहेर बघायला लागले. मी तीनदा विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. दीड वर्षापूर्वी एका मित्राच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करताना त्यांना दिसलं, की आपली सही लहान झाली आहे. पुढच्या महिन्यात आणखी लहान. आयुष्यभर लोकांच्या सह्या ताडून बघणारा माणूस, त्याला स्वतःची कळणार नाही? त्यांनी शोधलं, वाचलं, आणि आपल्याला काय होतं आहे ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या आरोग्यविम्याला येत्या मार्चमध्ये ठरावीक वर्षं पुरी होतात. त्यानंतर कंपनीला कुठलाच आजार नाकारता येत नाही. त्याआधी नावावर काही चढलं, तर तेवढा आजार सोडून बाकीचा विमा.

“म्हणून मी माझ्या फोनवरचा जप थांबवला,” ते म्हणाले.

“आणि माझ्या फोनवर सुरू केलात.”

“संकल्प मोडता येत नाही, चारू. आणि देवाला कळतंच कोणाचा जप आहे ते. कंपनीला कळायला नको होतं.”

“कंपनीला मग कोण दिसणार होतं? मीच ना?”

“तुझी तब्येत ठणठणीत. मला वाटलं, तुझ्या नावावर थोडंफार खपून जाईल. वाहनविमावाले तेच कागद बघतील हे कलमात कुठेच नव्हतं.”

“घरात तुळशीची माळ नव्हती?”

“मंडळ माळेवरचा जप धरत नाही. आणि तुझं नाव लाल दिसायचं. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी.”

“त्यातला एक पक्षी मी होते!”

मी ओरडले. तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. माझ्या डोळ्यांपुढे ती सभा आली. शाल खांद्यावर घेऊन हात जोडून उभे असलेले हे, आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारी मी. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या माझ्याच होत्या.

त्या ॲपवाल्यांनी मला फसवलं, हे मी समजू शकत होते. ते मला ओळखत नाहीत. मीही न वाचता ‘मान्य’ दाबलं होतं, चूक माझीही होती. पण हे तर सतरा पानं वाचून बसले होते. आपण काय करतो आहोत हे त्यांना कलमासकट ठाऊक होतं, आणि त्याला त्यांनी माझ्या आरोग्याचं नाव दिलं होतं.

“मार्चपर्यंत गप्प राहा,” ते म्हणाले. “चारच महिने. मग तू पुन्हा तपासणी करून घे.”

“शुक्रवारी नोंद कायम होते.”

“होऊ दे ना. तुझंही आता वय झालं. नाहीतरी ते स्कूल म्हणजे तुझी हौसच.”

हौस! आमच्या मुलीचं सगळं शिक्षण या हौसेवर झालं. नवऱ्याने टाकलेल्या, सासऱ्याने घराबाहेर पडू न दिलेल्या कितीतरी बायका या हौसेपायी आज स्वतः गाडी चालवत कामाला जातात. मला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. मी उठले आणि कुकर लावला, कारण जेवायची वेळ झाली होती. जेवताना आमटी त्यांच्या शर्टावर सांडली. मी बघितलं आणि माझा राग अर्ध्यावर आला, याचाही मला राग आला.

गुरुवारी रेश्मा शिकलगारचा धडा होता. नवी मुलगी, टेलरिंगचं दुकान आहे, धीट आहे. हरिपूर रस्त्याला उसाची ट्रॉली आडवी आली तेव्हा तिने न घाबरता गाडी बाजूला घेतली. माझा पाय ब्रेकवर तयारच होता, पण दाबावा लागला नाही.

“जमलं की मॅडम!” ती हसत म्हणाली. “आमच्यातल्यास्नी मी तुमच्या सरांचं उदाहरण देत असते. म्हटलं बघा, बायकोसाठी जप करणारी माणसं पण असत्यात.”

“पुढे बघ,” मी म्हटलं. “आरसा बघ. गिअर बदल.”

तिला घरी सोडलं आणि मी गाडीतच बसून राहिले. माझ्या बाजूने विचार केला की मला न्याय दिसत होता. त्यांच्या बाजूने विचार केला की एक घाबरलेला म्हातारा माणूस दिसत होता, ज्याला पुढे दहा वर्षं औषधं लागणार होती. माझा राग गेला नव्हता, पण भीती त्याहून मोठी होती. घरी जाऊन मी त्यांना म्हटलं, “नोंद मान्य म्हणून सही करते मी. पण उद्या दुपारी तेजस्विनीकडे यायचं.”

“मार्चनंतर,” ते म्हणाले. “दवाखान्यात गेलं की नाव चढतं.”

मी वाद घातला नाही. मला वाद घालायचं बळ राहिलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. बिरनाळे नावाचे अधिकारी होते, तिशीतले, अदबीने बोलणारे. टेबलावर पाटीएवढं एक सपाट यंत्र होतं.

“हरकत असेल तर यावर पाच मिनिटं बोट चालवायचं, मॅडम. आम्ही नव्या नोंदी जुन्यांशी ताडून बघतो. हरकत नसेल तर इथे सही.”

मी पेन उचललं.

“एक विचारायची पद्धत आहे,” ते म्हणाले. “तुमचा फोन घरात आणखी कोणी वापरतं?”

“नाही,” मुकुंदराव म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले. “हिच्याशिवाय कोणी हात लावत नाही त्याला.”

पेन माझ्या बोटांत घट्ट झालं. तरीही मी सही केली असती. खरंच केली असती, कारण मी तसं ठरवून आले होते.

बिरनाळे खुर्चीत पुढे झुकले. “मॅडम, माझ्या आईला गाडी तुम्हीच शिकवलीत. मला फार वाईट वाटतंय. घरी तुमच्याकडे बघायला कोणी आहे ना?”

मुकुंदरावांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. उजवा पँटच्या खिशात होता.

“मी आहे ना,” ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. “मी सांभाळीन हिला. थोडी चिडचिड करते हल्ली, पण आजारी माणसाला समजून घ्यावं लागतं.”

हे ते इतक्या मनापासून बोलले की क्षणभर मलाच वाटलं, आपण आजारी आहोत. बिरनाळ्यांनी त्यांच्याकडे आदराने बघितलं. आणि मला लख्ख दिसलं, की मार्चमध्ये काही संपणार नाही. पॉलिसी पक्की होईल, पण तोवर आजारी चारू आणि तिला सांभाळणारे मुकुंदराव ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ झालेली असेल, त्यांना स्वतःलाही. ते रोज थोडे थोडे जातील, उपचार घेणार नाहीत, आणि मी घरात बसून त्यांच्या आजाराची शिक्षा भोगेन. मी त्यांना वाचवत नव्हते. त्यांचं खोटं वाचवत होते.

मी पेन खाली ठेवलं. त्यांचा हात खांद्यावरून बाजूला केला.

“ते यंत्र इकडे द्या,” मी म्हटलं.

पाच मिनिटं मी बोट चालवलं. मनात नाम नव्हतं, काहीच नव्हतं. ठोके एकामागोमाग एक पडत गेले. बिरनाळ्यांनी पडद्यावर दोन्ही आलेख शेजारी शेजारी घेतले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“मॅडम, हे जमत नाही,” ते म्हणाले. “वर्षभराच्या या नोंदी तुमच्या नाहीतच. मग कोणाच्या?”

मी यंत्र उचललं आणि मुकुंदरावांच्या पुढ्यात ठेवलं.

“चारू,” ते म्हणाले. लग्नाच्या तेहतीस वर्षांत त्यांनी मला इतक्या केविलवाण्या आवाजात कधी हाक मारली नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही.

“खिशातून हात काढा,” मी म्हटलं. “दुपारी चारला मीच तुम्हाला मिरजेला नेणार आहे. औषधं मी देईन, व्यायाम मी करून घेईन. पण कोणाची बोटं आहेत ते तुम्ही सांगायचं. माझ्या नावाने नाही, तुमच्या नावाने.”

बिरनाळे एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते. बाहेर कोणीतरी चहाचा ट्रे घेऊन आलं आणि आत न येता परत गेलं. मुकुंदरावांनी उजवा हात खिशातून काढला. तो थरथरत नव्हता, नुसता जड झालेला होता. त्यांनी अंगठा यंत्रावर धरला आणि माझ्याकडे बघत राहिले.

पहिला ठोका पडायला फार वेळ लागला.